टाइल फोडायच्या आधी हे करून बघा, आतला तुकडा निघतो

प्रश्न: नमस्कार दादा, मी नेरूळला राहते, जुनी सिडकोची बिल्डिंग, तिसरा मजला, घरात मी आणि आई. बाथरूममधला बादलीचा नळ कितीतरी दिवस टपकत होता म्हणून नवीन आणला आणि स्वतःच बसवायला गेले. जुना काही केल्या हलेना, मग पाना लावून जोर दिला तर नळाची मानच तुटली आणि आट्यांचा तुकडा भिंतीत राहिला. पाणी धो धो सुटलं. वॉचमनकाकांनी धावत जाऊन गच्चीवरचा वॉल्व्ह बंद केला आणि लाकडाची खुंटी तासून, तिला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ठोकून दिली. आता थेंब थेंब गळतंय. एक प्लंबर म्हणतो टाइल फोडावीच लागेल, दुसरा म्हणतो पाइप सडलेत, अख्खी लाइन बदला. आमच्या टाइल्स जुन्या आहेत, तशा आता मिळत नाहीत. शेजारचे म्हणतात हे बाईमाणसाचं कामच नव्हतं. आई रात्री उठून उठून खुंटी बघते. हे मी स्वतः करू शकते का, की आता हात लावू नये?

उत्तर: ताई, करू शकता, आणि बहुतेक टाइल न फोडता करू शकता. मान तुटून आटे भिंतीत राहणं जुन्या बिल्डिंगमध्ये इतकं नेहमीचं आहे की आमच्या ठाण्याच्या दुकानात कोणी ना कोणी तो तुटका नळ पेपरात गुंडाळून घेऊन येतंच, आणि त्यात प्लंबरही असतात. तेव्हा शेजारचं बोलणं मनावर घेऊ नका. उलट एक करा, तुमच्या हातात आलेला नळ उजेडात धरा आणि जिथे तुटलाय ती कड नीट बघा. पूर्ण कड पिवळी चकचकीत असेल तर तो खरंच आत्ता तुटला. पण कडेचा काही भाग काळपट किंवा तांबूस दिसत असेल तर तिथे तडा आधीपासूनच होता, पाणी त्यात मुरत होतं, तुम्ही लावलेला जोर हे फक्त निमित्त. स्वस्तातल्या पातळ पितळेचं हे असंच होतं, आणि नळाला भरलेली बादली टांगायची सवय असेल तर अजून लवकर होतं.

आधी त्या खुंटीचं बघू कारण आईंची झोप तिच्यावर अडकलीये. लाकूड भिजून फुगतं म्हणून खुंटी धरून राहते, तरी टाकी काठोकाठ भरली की प्रेशर वाढतं, त्यामुळे आठवडाभर तिच्या भरवशावर राहू नका. तोपर्यंत बाथरूमची जाळी मोकळी ठेवा, तिथे बादली पालथी पडलेली किंवा कपडे पडलेले नकोत, म्हणजे समजा मध्येच निघालीच तर पाणी सरळ ड्रेनेजला जाईल, हॉलमध्ये येणार नाही. गच्चीवरचा तुमच्या लाइनचा वॉल्व्ह नेमका कोणता आणि गच्चीची किल्ली कुठे असते हे वॉचमनकाकांबरोबर वर जाऊन तुम्ही आणि आई दोघींनी बघून घ्या, त्यावर ऑइलपेंटने खूण करून ठेवा. एवढं केलंत तरी आईंना रात्री झोप लागेल. खुंटीवर अजून ठोकाठोकी मात्र करू नका, आत जेवढी रुतेल तेवढी काढताना रडवेल.

आता मुख्य गोष्ट, भिंतीच्या आत पाइप कसला आहे. ज्यांच्याकडून काम फसतं ते बहुतेक इथेच फसतात, आत काय आहे ते न बघताच पाना लावतात. जुन्या सिडको बिल्डिंगमध्ये मूळ लाइन जीआयची म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची असते, पण मधे कधीतरी कोणी बाथरूम करून घेतलं असेल तर सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकची असू शकते. डक्टमध्ये किंवा गच्चीवर पांढरे नवे पाइप दिसले म्हणून आतले पण नवे असं धरून चालू नका, सोसायट्या रिपेअरिंगमध्ये बाहेरचे पाइप बदलतात, घरातले तसेच राहतात. ओळखायचं कसं, तर पाणी बंद करून खुंटी काढल्यावर मोबाइलचा टॉर्च मारा. पिवळ्या तुकड्याच्या भोवती तांबूस गंज दिसला तर जीआय. भोवती पितळेचीच रिंग आणि तिच्यामागे क्रीम रंगाचं प्लास्टिक दिसलं तर सीपीव्हीसी. तरी कळलं नाही तर फ्रिजवरचा छोटा लोहचुंबक स्क्रू ड्रायव्हरला चिकटवून आत फिरवून बघा, लोखंडी एल्बोकडे, म्हणजे भिंतीतल्या वळणाच्या जोडाकडे टोक खेचलं जाईल, पितळेकडे नाही.

फरक यासाठी पडतो की जीआयमध्ये तुकडा गंजाने चिकटलेला असतो, तिथे वेळ द्यावा लागतो, आणि पाइप जुना असल्यामुळे जास्त जोर लावला तर भिंतीच्या आतला मागचा जोड हलतो आणि मग गळती दिसतच नाही, खालच्यांच्या सिलिंगवर उतरते तेव्हा कळते. सीपीव्हीसीत तुकडा तसा लवकर सुटतो पण तिथली पितळेची रिंग प्लास्टिकमध्ये बसवलेली असते, आडदांड जोर केला तर ती रिंगच आत गोल फिरायला लागते, आणि तसं झालं की मग टाइल फोडण्यावाचून पर्याय उरत नाही. दोन्हीकडे ब्लो टॉर्चने तापवणं नको. प्लास्टिक वितळेल, आणि जीआय असला तरी टाइलला तडा जाईल. बाथरूम साफ करायचं ॲसिडही आत ओतू नका, कोणी कितीही सांगू दे, ते गॅल्व्हनाइजिंग आणि सिमेंट दोन्ही खातं आणि बंद बाथरूममध्ये त्याचा धूर छातीत जातो.

दिवस कोणता निवडायचा ते पण सांगतो कारण अर्धी फजिती त्यातच होते. वर्किंग डेला सकाळची गर्दी संपल्यावर, दहा-अकराला सुरू करा, म्हणजे काही लागलं तर दुकानं उघडी असतात, रविवारी दुपारनंतर बरीचशी बंद मिळतात. महापालिकेने पाण्याचा शटडाऊन जाहीर केला असेल, मोरबे धरणाची मुख्य लाइन किंवा भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण प्लांटचं काम असतं तेव्हा करतात, तर त्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका, सगळे पाणी भरायच्या घाईत असतात आणि तुम्ही वॉल्व्ह बंद केलात की अख्खी बिल्डिंग दारात येईल. सेक्रेटरींना आणि त्या लाइनवरच्या वरखालच्या घरांना आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर टाका की अमुक वेळ पाणी नसेल. घरात दोन बादल्या भरून ठेवा. गीझरचं बटण बंद करा, नुसतं गीझरवरचं नाही, भिंतीवरचं मेन बटण, कारण लाइन रिकामी असताना गीझर चालू राहिला तर कॉइल जळायचा धोका असतो. बाथरूममधला तुमचा स्वतःचा स्टॉप कॉक, म्हणजे तेवढ्यापुरतं पाणी बंद करायचा वॉल्व्ह आहे ना, तो जुना असेल तर पूर्ण बंद होईल या आशेवर राहू नका, गच्चीवरचाच बंद करा आणि मग घरातले बाकीचे नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्या.

सामान काय लागेल: हाफ इंचाचा टॅप एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे निमुळता, उलट्या पिळाचा लोखंडी तुकडा, मागे चौकोनी किंवा षट्कोनी डोकं असतं त्याला पाना बसतो. नेरूळ-वाशीत मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे मिळेल, नाही मिळाला तर ऑनलाइन मिळतो, किंवा हार्बर लोकलने सरळ मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे हत्यारांची दुकानंच दुकानं आहेत. गंज सैल करायचा स्प्रे, डब्ल्यूडी-फॉर्टी किंवा तसाच दुसरा. छोट्या करवतीची ६ इंची ब्लेडं दोन-तीन, मोठं १२ इंची ब्लेड आणू नका कारण ते रुंदीलाच जवळपास अर्धा इंच असतं, त्या भोकात हलणारच नाही. जुना चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, पक्कड, पाना, लाकडाचा एक लांब स्क्रू, टेफ्लॉन टेप. आणि ज्याशिवाय सुरूच करू नका ती गोष्ट म्हणजे हाफ इंचाचा प्लग, भोक बंद करायचं आट्यांचं बूच. प्लास्टिकचा, अगदी किरकोळ किमतीत मिळतो. तुकडा निघाल्यावर नवीन नळ बसेना, वॉशर कमी पडला, दुकान बंद झालं, काहीही झालं तरी त्या प्लगवर टेप गुंडाळून तो भोकात घट्ट केला की बिल्डिंगचं पाणी चालू करता येतं आणि तुम्ही शांत डोक्याने दुसऱ्या दिवशी पुढचं करू शकता. घाई गेली की हात बरोबर चालतात, हे मी काउंटरवर प्रत्येकाला सांगतो.

खुंटी काढायला ती ओढत किंवा हलवत बसू नका, लाकडाचा स्क्रू तिच्या मधोमध पिळा, त्याचं डोकं पक्कडीने धरा आणि सरळ बाहेर खेचा. मग आतलं पाणी कपड्याने टिपा, स्प्रे मारा आणि सोडून द्या. पाइप कुठलाही असो, एवढ्यावर प्लग कामी येणार नाही कारण तुकडा अजून आत आहे, तेव्हा पाणी चालू करायची वेळ आली तर नवी खुंटी लागेल, ती आधीच तासून ठेवा. जमलं तर सकाळी स्प्रे मारून दुपारपर्यंत थांबा, मधे मधे स्क्रू ड्रायव्हरचं टोक तुकड्याच्या कडेवर ठेवून हातोडीने हलके टिचके द्या, त्या हादऱ्याने स्प्रे आट्यांमध्ये शिरतो. मोरबेचं पाणी तसं मऊ आहे म्हणून तुमच्याकडे मुख्य भांडण गंजाशी, इकडे घोडबंदर रोडच्या टँकर-बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये क्षाराचा पांढरा थर असतो, तिथे आधी व्हिनेगरचा बोळा लावून ठेवतात.

मग एक्स्ट्रॅक्टर तुकड्यात घाला आणि हातोडीने दोन-चार हलके ठोके, तो धरेल एवढेच. इथे जोरात ठोकायचा मोह होतो पण तो निमुळता असल्यामुळे जितका आत जाईल तितका पितळेचा तुकडा बाहेरच्या बाजूला फुगतो आणि आणखी घट्ट बसतो, लोखंडी एल्बो जुना असेल तर तडकतोसुद्धा. धरला की पाना लावा आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने एकसारखा दाब द्या, झटका नको. हलला नाही तर किंचित सुलट फिरवून बघा, पुन्हा उलट, पुन्हा स्प्रे. तुकडा सुटतो तेव्हा टक् असा एक कोरडा आवाज येतो आणि पाना हातात अचानक हलका लागतो, तो आवाज आला की समजा जिंकलात, बाकीचं हातानेच निघतं. ड्रिल मशीनला एक्स्ट्रॅक्टर लावून फिरवायचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील, ओल्या बाथरूममध्ये विजेचं मशीन हातात घेऊ नका आणि मशीनला कुठे थांबायचं ते कळत नाही.

आणि एक्स्ट्रॅक्टरने नाहीच सुटला तर ब्लेड. खरं तर जुने प्लंबर हेच करतात, वेळखाऊ आहे पण माझा यावरच जास्त विश्वास आहे. ब्लेडच्या एका टोकाला कपडा नीट गुंडाळा, दात आपल्याकडे येतील असं धरा म्हणजे ओढताना कापेल आणि मागच्या एल्बोला टोक लागणार नाही. तुकड्याच्या आतल्या बाजूला, वरच्या अंगाला, लांबीने एक चीर पाडा, आणि तिच्या शेजारी बोटाच्या नखाएवढं अंतर सोडून दुसरी. सगळं लक्ष भुग्याकडे ठेवा. खाली पांढरा कागद चिकटवा आणि त्यावर काय पडतंय ते बघत राहा. पिवळा भुगा पडतोय तोवर तुम्ही नळाच्याच तुकड्यात आहात, बिनधास्त चालू ठेवा. त्यात करडा किंवा तांबूस कण दिसायला लागले की ब्लेड एल्बोच्या आट्यांना टेकलंय, तिथल्या तिथे थांबा. सीपीव्हीसी असेल तर मात्र रिंगही पितळेचीच असल्यामुळे भुग्यावरून कळणार नाही, तिथे दर थोड्या वेळाने टॉर्च मारून चिरेत आट्यांच्या बारीक रेघा दिसतात का ते बघत जा, दिसल्या की थांबा. आट्यांवर एखादा बारीक ओरखडा आला तर घाबरू नका, टेफ्लॉन तो भरून काढतं. दोन्ही चिरा झाल्या की मधल्या पट्टीच्या मागे स्क्रू ड्रायव्हर घालून ती आतल्या बाजूला वाकवा, ती सुटली की अख्ख्या तुकड्याचा ताण गेला, पक्कडीने चिमटीत धरून फिरवा, येतो बाहेर.

यात तास जाईल, दोन जातील, मनगट दुखेल. मधे चहा प्या.

तुकडा निघाल्यावर लगेच नळ लावू नका, आत भुगा असतो. जुन्या टूथब्रशने आटे घासा, मग वॉचमनकाकांना फोन करून क्षणभर वॉल्व्ह उघडायला सांगा, भोकासमोर बादली धरून पाण्याचा एक फवारा जाऊ द्या. क्वार्टर टर्नचा, म्हणजे पाव फेऱ्यात उघडणारा नवीन नळ असेल तर त्याच्या आत सिरॅमिकच्या चकत्या असतात, पितळेचा एक कण त्यात गेला की चरा पडतो आणि नवा नळ पहिल्याच आठवड्यात टपकतो, मग लोक कंपनीला शिव्या देतात.

बसवताना टेफ्लॉन टेप नळाच्या आट्यांचं तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळायची, दहा-बारा वेढे, जुने झिजलेले जीआय आटे असतील तर अजून दोन-चार. जीआयवर बरेच प्लंबर सफेदा म्हणजे आट्यांना लावायची पांढरी पेस्ट आणि धागा वापरतात, खराब आट्यांवर ते चांगलं धरतं, पण सीपीव्हीसीच्या पितळी रिंगमध्ये धागा ठासू नका, तिथे नुसती टेप. नळ आधी हाताने फिरवा, दोन-तीन फेरे सरळ हातानेच जायला हवेत, पहिल्याच फेऱ्याला अडला तर तिरका लागलाय, काढून परत लावा. मग पान्याने. तोंड खाली बरोबर यायच्या आधीच घट्ट होत असेल किंवा थोडा पुढे गेला तर उलटा फिरवून जुळवू नका, टेप फाटते आणि तिथूनच झिरपतं, पूर्ण काढायचा आणि नवी टेप गुंडाळायची. भोक टाइलच्या बरंच आत असेल आणि नळाचे आटे पोचत नसतील तर हाफ इंचाचं एक्स्टेन्शन निपल मिळतं वेगवेगळ्या लांबीचं, ते चांगल्या जाड पितळेचं घ्या, दुकानात दोन-तीन हातात घेऊन वजन बघा, हलकं लागेल ते ठेवून द्या. नळावरही आयएसआय मार्क बघा.

भिंतीला लागणारी स्टीलची चकती सुरुवातीला मागे दाबू नका, नळाच्या अंगाकडे ओढून ठेवा, म्हणजे मान उघडी दिसेल. मानेभोवती टिश्यू पेपर गुंडाळा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कोरडा असेल तर चकती दाबा. नंतरचे काही दिवस खालच्या घरी विचारत राहा की सिलिंगला ओल आहे का, आधीच जाऊन सांगितलं की लोक समजून घेतात. घरातल्या बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (मॉडेल बायलॉज) सभासदाकडेच येतो, बाहेरच्या कॉमन पाइपचा सोसायटीकडे, त्यामुळे हे वेळेत बघितलेलं तुमच्याच फायद्याचं आहे.

आता थांबायचं कधी. पाना लावल्यावर तुकड्याबरोबर आतला एल्बोच फिरतोय असं वाटलं, टाइलच्या सांध्यातली सफेद सिमेंट भुरभुर पडायला लागली, किंवा तुकडा निघाला आणि मागचे आटे बोटाने सोलून निघतायत, तर तिथेच सोडा, खुंटी मारा आणि प्लंबरला बोलवा. तेव्हा पहिल्या प्लंबरचं म्हणणं खरं, टाइल फोडावी लागेल, पण एकच, आणि ती ग्राइंडरने सांध्यावरून कापून काढायला सांगा, छिन्नी-हातोड्याने शेजारच्या दोन तडकतात. दुसऱ्या प्लंबरला मी खोटा म्हणणार नाही. सकाळी पहिलं पाणी लालसर येत असेल, गरम पाण्याची धार वर्षानुवर्षं बारीक होत गेली असेल, तर लाइन खरंच भरत आलीये आणि कधीतरी बदलावी लागेलच. फक्त ते एका तुटलेल्या नळापायी घाईघाईत ठरवायचं काम नाही. तुकडा निघाला की टॉर्च मारून पाइपचं भोक किती उरलंय ते स्वतः बघा, मोबाइलने फोटो काढा, अर्ध्याहून जास्त गंजाने भरलेलं असेल तर दोन-तीन जणांकडून भाव घ्या आणि उघड्यावरून, टाइलच्या बाहेरून नवी लाइन फिरवून मिळते का ते पण विचारा, तशी बऱ्याच घरांत फिरवतात आणि टाइल्सना धक्काही लागत नाही.

तुकडा निघाला की त्याचा आणि आतल्या भोकाचा फोटो पाठवा. भिंतीत जीआय निघाला की सीपीव्हीसी तेही कळवा, म्हणजे त्या जुन्या स्टॉप कॉकचं पुढे काय करायचं ते सांगतो, तो पण कधीतरी काढायचाच आहे.